नाशिकच्या डोंगरवाटा: व्यायामासाठी आणि मनासाठी चढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आमच्याबरोबर डोंगरावर येणारे, यायचं म्हणणारे आणि दर वेळी ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणणारे अशा सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केलेत. दोर लावून सुळके चढणाऱ्यांसाठी हे पान नाही. ज्यांना घाम गाळायचा आहे आणि डोक्यातला कलकलाट थोडा कमी करायचा आहे, त्यांच्यासाठी आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत.

1. वय 42, नोकरी बैठी. आजवर एकही डोंगर चढलेला नाही. सुरुवात कुठून करू?

पांडवलेणीपासून. शहराला लागूनच आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत, लेण्यांपर्यंत रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि नाहीच जमलं तर निम्म्यातून फिरायला काही वाटत नाही. वर 24 लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. दम खायला याहून चांगलं निमित्त कुठे मिळणार? दुसरा पर्याय म्हणजे म्हसरूळची चामरलेणी. चारशेहून जास्त पायऱ्या, चढ सलग आणि मांड्यांची खरी परीक्षा. ते गजपंथ हे जैनांचं सिद्धक्षेत्र आहे, तेव्हा वर जाऊन डबे उघडायचे नाहीत.

महिना-दीड महिना दर आठवड्याला यांपैकी एक करा. मग आशेवाडीचा रामशेज किल्ला, मग अंजनेरी, मग ब्रह्मगिरी. हा क्रम आम्ही हट्टाने पाळतो. नव्या माणसाला पहिल्याच रविवारी उभ्या जिन्याच्या हरिहर गडावर नेलं की तो फोटो लावतो, आठवडाभर जिने धरून उतरतो आणि पुन्हा दिसत नाही. जवळचा छोटा डोंगर दर आठवड्याला, हे लांबच्या मोठ्या गडापेक्षा शरीराला आणि मनाला जास्त देतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढची बरीच उत्तरं याच मतावर उभी आहेत.

2. मी रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाच किलोमीटर चालतो. मग डोंगर कशाला?

ट्रॅक सोडू नका. पण सपाटीवर शरीर ठरावीक चाकोरीतच काम करतं. चढावर मांड्यांचे आणि पार्श्वभागाचे स्नायू तुमचं वजन वर उचलतात, हृदयाचा वेग त्याच चालीत बराच वाढतो. उतारावर तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावायचं काम करतात. पहिल्या ट्रेकनंतर एक-दोन दिवसांनी मांड्या जास्त दुखतात त्या याच ब्रेकमुळे. शिवाय दगड, मुरूम, मुळं, उंचसखल पायऱ्या यांमुळे घोटे आणि तोल सांभाळणारे बारीक स्नायू सतत जागे राहतात. वय वाढतं तसं पडण्याची भीती वाढते. तोलाचा हा सराव तेव्हा कामी येतो.

3. मन खरंच शांत होतं का? की ट्रेकवाल्यांची ती बोलायची पद्धत आहे?

थोडं दोन्ही. पण आधार आहे. मानसशास्त्रात एक मांडणी अशी आहे की कामावर, स्क्रीनवर, रहदारीत आपण जे ‘मुद्दाम लावलेलं’ लक्ष वापरतो ते थकतं. झाडं, पाणी, ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष सावरतं. 1984 साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. 2015 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही लोकांना 90 मिनिटं निसर्गात आणि काहींना रहदारीच्या रस्त्यालगत चालायला लावलं. निसर्गात चाललेल्यांचं तेच तेच नकारात्मक विचार उगाळणं कमी झालं आणि त्या विचारांशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही.

हे प्रयोग लहान आहेत, हे विसरू नये. डोंगर सगळ्यांना सारखा लागू पडतो असंही नाही. आम्ही जे पाहतो ते असं: पहिली पंधरा-वीस मिनिटं माणूस ऑफिसबद्दलच बोलत असतो. चढ लागला की बोलणं तुटक होतं. माथ्यावर पोचेपर्यंत विषय ‘तो खालचा तलाव कुठला’ यावर आलेला असतो. त्याच्या कर्जाचा हप्ता कमी झालेला नसतो, पण दोन तास त्याने तो मोजलेला नसतो.

4. आठवड्यातून किती वेळ पुरे? फक्त रविवार चालेल का?

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम अशी आहे. निसर्गातल्या वेळेबद्दल 2019 साली इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला 120 मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन:स्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती 120 मिनिटं एका दमात घेतली की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. अर्थात ज्यांची तब्येत मुळात चांगली तेच जास्त बाहेर पडत असतील, ही शंकाही रास्त आहे.

थोडक्यात, रविवारची रामशेजची फेरी आणि मधल्या दिवसांत दोन-तीन वेळा अर्धा तास झपाझप चालणं, एवढं जमलं तर हिशोब बसतो. फक्त रविवारही चालेल, पण मग त्याच रविवारी आठवडाभराची कसर भरून काढायला जाऊ नका. स्नायू आखडतात ते अशांचेच.

5. दम लागतो. किती दम लागला म्हणजे थांबायचं?

चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. दोन-दोन शब्दांवर आलात तर चाल कमी करा. एक शब्दही फुटत नसेल तर थांबा. मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची. विशेषत: रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुद्दाम दाबलेली असते आणि घड्याळ दिशाभूल करतं.

छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर तो दम नव्हे. तिथेच बसायचं, माणूस एकटा सोडायचा नाही, 108 ला फोन करायचा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा शोधत बसू नका. वय चाळिशीपुढचं असेल आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांना दाखवणं आलंच.

आणि हो, आपल्याकडच्या डोंगरांवर ‘हवा विरळ’ असल्याने दम लागत नाही. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटर आहे. दम लागतो तो चढाने.

6. मला मधुमेह आहे. इन्सुलिन घेतो. येऊ का?

या, पण डॉक्टरांशी डोसबद्दल बोलून. चढाईने साखर उतरते आणि कधी कधी ती ट्रेकच्या वेळी न उतरता संध्याकाळी किंवा रात्री उतरते. म्हणून दुपारी घरी आल्यावरही, आणि झोपण्याआधी, एकदा तपासा. ज्या दिवशी चढायचं त्या सकाळी मांडीत इंजेक्शन टाळा. काम करणाऱ्या स्नायूजवळ ते लवकर शोषलं जातं. खिशात (बॅगेत नव्हे, खिशात) ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवा आणि सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा. हातपाय थरथरणं, अचानक चिडचिड, घाम ही साखर उतरल्याची चिन्हं असतात. आणि पाय: मोजे काढून रोज बघायचे. मधुमेहात तळपायाची फोडं बऱ्याचदा दुखत नाहीत, म्हणूनच जास्त त्रास देतात.

7. चढताना काही होत नाही, उतरताना गुडघे बोलतात. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

उतरताना प्रत्येक पावलाला तुमचं वजन गुडघ्यावर आदळतं आणि ते झेलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं असतं. तो थकला की उरलेला भार सांध्यावर येतो. त्यामुळे पहिला उपाय डोंगरावर नसून घरी आहे: जिन्याच्या एका पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू, तीन आकडे मोजत खालच्या पायरीला टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, एक दिवसाआड. दीड-दोन महिन्यांत फरक कळतो.

डोंगरावर: पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, पाय ताठ करून टाच आपटायची नाही. उंच पायरीला आडवं वळून उतरा. काठी वापरा. महागड्या ट्रेकिंग पोलची गरज नाही. छातीपर्यंत येणारी वेताची किंवा बांबूची काठी चालते. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग पाय. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, धावत सुटणाऱ्या पोरांची नक्कल करू नका.

गुडघ्याचा पट्टा आधार वाटायला मदत करतो, इलाज करत नाही. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर प्रश्न 17 मधल्या सपाटीच्या वाटा आहेतच.

8. बूट कोणते घेऊ? तीन हजारांच्या खाली काही चालेल का?

चालेल. तळवा बघा, किंमत नंतर. तळाला खोल खाचा हव्यात आणि रबर नखाने दाबलं तर किंचित दबलं पाहिजे. कडक, चकचकीत तळवा ओल्या कातळावर साबण होतो. माप संध्याकाळी, जाड मोजा घालून घ्या. उतरताना अंगठा पुढे टेकता कामा नये, नाहीतर नख काळं पडतं. नवे बूट थेट गडावर नेऊ नका, आधी आठवडाभर बाजारहाटाला वापरा. जुने बूट कपाटात वर्षभर पडून असतील तर तळवा हाताने ओढून बघा. चिकटवलेला सोल निम्म्या वाटेत निघतो तेव्हा बुटाच्या नाडीनेच बांधून उतरावं लागतं.

पांडवलेणी आणि चामरलेणीला साधे धावण्याचे बूट पुरतात. सँडल, फ्लोटर नकोत.

9. पाणी किती? खायला काय?

हिवाळ्यात माणशी दोन लिटर, मार्च ते मे तीन. गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळून, उकळून किंवा औषध टाकूनच. एक-दीड तासापेक्षा जास्त घाम येणार असेल तर लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस न्या. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की शरीरातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं.

खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी, तिखटमीठाच्या पुऱ्या, दशम्या. चिप्सची पाकिटं नकोत. ती वाऱ्याने उडतात आणि तिथेच राहतात. मिसळ उतरल्यावर. चढण्याआधी मिसळ खाऊन येणाऱ्यांची अवस्था दर महिन्याला कोणीतरी दाखवून देतंच.

10. किती वाजता निघायचं? कोणता ऋतू चांगला?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत सोपे. सप्टेंबरच्या शेवटी पठारांवर सोनकीची पिवळी फुलं येतात, तेव्हा अंजनेरी चुकवू नये. मार्चनंतर उजाडताच चढायला लागायचं आणि नऊ-साडेनऊपर्यंत खाली यायचं. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि कातळ दहानंतर तव्यासारखा तापतो. मे महिन्यात करवंदं असतात, एवढंच त्या उन्हाचं कौतुक.

मे-जून आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर वळवाचा, परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. ढग काळवंडायला लागले की माथा सोडायचा. एकट्या झाडाखाली किंवा बुरुजावर थांबायचं नाही.

डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात दुपारी निघायचं असेल तर बॅटरी सोबत हवी. मोबाईलचा टॉर्च ही बॅटरी नव्हे. तो लावला की फोन करायला चार्ज उरत नाही.

11. पावसाळ्यातच तर खरी मजा. तुम्ही नको का म्हणता?

नको म्हणत नाही, कुठे ते बघा म्हणतो. नाशिक शहरात रिमझिम असते तेव्हा त्र्यंबक-इगतपुरीकडे मुसळधार असू शकतो; इगतपुरीचा वर्षाचा पाऊस शहराच्या कितीतरी पट आहे. पावसात रामशेज आणि चामरलेणी उत्तम. अंजनेरीची खिंडीतली पायऱ्यांची वाट ओली असते, पण सावकाश जमते.

धोका असतो ओढ्यांचा. जाताना घोट्यापर्यंतचं पाणी, वर डोंगरात पाऊस झाला की अर्ध्या-एक तासात कमरेला येतं आणि तुम्ही नेमके पलीकडे असता. 2022 च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडी धबधब्याला पर्यटक असेच अडकले होते आणि अंधारात बचावकार्य करावं लागलं होतं. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहत आला, आवाज बदलला की समजायचं. तेव्हा ओलांडायचं नाही, उंचावर थांबायचं आणि पाणी ओसरायची वाट बघायची. साखळी करून ओढा पार करण्याचे व्हिडिओ बघून शहाणपण येत नाही.

पावसाळ्यात वन विभाग आणि प्रशासन काही धबधबे, काही गड ठरावीक काळ बंद ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक बातम्या बघा. बंदी असेल तर ‘मागची वाट’ शोधू नका.

12. हरिहर करायचाच आहे. कधी करू?

प्रश्न 1 मधला क्रम पूर्ण झाल्यावर, कोरड्या दिवसांत आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून. निरगुडपाड्याहून किंवा हर्षेवाडीहून वाट आहे. सोंडेपर्यंत साधी चाल आहे. नंतर कातळात खोदलेला जवळजवळ उभा जिना. पायऱ्यांना दोन्ही बाजूंना बोटं रोवायला खोबण्या आहेत. त्यांत हात घालायचा, शरीर कातळाजवळ ठेवायचं, तीन अवयव टेकलेले असतील तेव्हाच चौथा हलवायचा. दरवाजानंतर कड्याच्या पोटातून वाकून जायचं आणि पुढे पुन्हा पायऱ्या. उतरताना तोंड कातळाकडे, जसं शिडी उतरतो तसं.

खरी अडचण जिन्याची नसून गर्दीची. वर चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद जिन्यात समोरासमोर येतात, कोणी मध्येच सेल्फीला थांबतं, कोणाचे पाय लटपटतात आणि खालचे पन्नासजण ताटकळतात. जिन्याच्या पायथ्याशी अशी रांग दिसली तर परत फिरा. उंचीची भीती वाटत असेल तर खालून जिना बघूनही दिवस वाया जात नाही. मन शांत करायला निघालेल्याने भीती जिंकल्याचं प्रमाणपत्र मिळवायची घाई करू नये.

13. एकटं जावं का? मी बाई आहे, मला एकटीला शांतता हवी असते.

हवी असणं अगदी रास्त आहे. शांतता हवी तर एकटीने पांडवलेणी किंवा चामरलेणी, सकाळी, वर्दळीच्या वेळेत. तिथे नेहमीचे फिरणारे असतात, चेहरे ओळखीचे होतात आणि तरी कोणी बोलायला येत नाही. रामशेजपासून पुढे मात्र, बाई असो की बुवा, दोघं-तिघं असावेत. तिथे कारण माणसांचं नाही, मुरगळलेल्या पायाचं आहे. आमच्याकडे एक पद्धत आहे: बरोबर निघायचं, पण चढाचा एक टप्पा प्रत्येकाने अंतर ठेवून, न बोलता चालायचा. दिसण्याच्या अंतरावर, ऐकू येण्याच्या नाही.

कुठे चाललात, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत, हे घरी लिहून ठेवा. गाडी पायथ्याच्या वस्तीत कोणाला तरी सांगून लावा. उशीर झाला तर तीच माणसं आधी चौकशी करतात.

14. मोबाईलवर गाणी ऐकत चाललं तर?

कानात घालून ऐकाल तर मागून सुटलेला दगड, मधमाशांचा आवाज, सोबत्याची हाक ऐकू येणार नाही. स्पीकरवर लावाल तर बाकीच्यांची सकाळ जाते. फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकून बॅगेत ठेवा. डोंगरात रेंज शोधत राहिला की बॅटरीही लवकर संपते.

15. बिबट्याची फार भीती वाटते. काय करायचं?

नाशिकमध्ये ही भीती खोटी नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर, नाशिकरोडकडच्या ऊसमळ्यांत त्याचा वावर आहे. पण गडाच्या वाटेपेक्षा पायथ्याची शेतं जास्त जपायची. अंधारात, उजाडायच्या आधी मळ्यांमधून पायी जाऊ नका, गाडीने पायथ्यापर्यंत जा. गप्पा मारत चला, लहान मूल मध्ये ठेवा, वाकून बसू नका. दिसलाच तर पळायचं नाही. उभं राहून, हात वर करून, आवाज करत मागे सरकायचं आणि त्याला जायला वाट सोडायची. वन विभागाची मदतवाहिनी 1926.

16. साप, मधमाशा, माकडं?

साप: कपारीत, दगडाखाली न बघता हात घालू नका. आपल्या मुरमाड, खडकाळ उतारांवर फुरसं हा विषारी साप असतो. लहान आणि मातीच्या रंगाचा असल्याने दिसत नाही. चावला तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं काही करायचं नाही. अंगठ्या, कडी काढा, तो अवयव हलू देऊ नका, धीर द्या आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. साप मारून सोबत आणायची गरज नसते.

मधमाशा: गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं ही त्यांना बोलवायची रीत. हल्ला झालाच तर हात न झटकता तोंड-डोकं कापडाने झाकून वाटेने लांब निघायचं. घाबरून कड्याकडे पळू नका. डंख खूप असतील किंवा ओठ-घसा सुजायला लागला तर थेट रुग्णालय.

माकडं: त्र्यंबक आणि अंजनेरीला भरपूर. प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की ती त्यांची. खायला देऊ नका, पुढच्या माणसाला त्रास होतो.

17. गुडघ्यामुळे किंवा वयामुळे चढ जमत नाही. मग निसर्ग विसरायचा?

मुळीच नाही. नांदूरमध्यमेश्वर आहे. निफाड तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. वाट सपाट, सावली बऱ्यापैकी, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी. गंगापूर धरणाकडचा परिसर किंवा सोमेश्वरजवळचा गोदाकाठही सकाळी लवकर छान असतो. प्रश्न 4 मधली 120 मिनिटं चढाची नव्हती, निसर्गातली होती.

18. मुलांना किती वर्षांचं झाल्यावर न्यावं?

स्वत:च्या पायाने तासभर चालतं झालं की. खांद्यावर बसवून पायऱ्या उतरायच्या नाहीत. मुलाला माथ्याचं कौतुक नसतं, वाटेतल्या खेकड्याचं असतं. तेव्हा वेळ दुप्पट धरा.

19. अंजनेरीला जायला परवानगी लागते का? बहुला किल्ल्याला का जाऊ देत नाहीत?

अंजनेरीचा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पायथ्याला वन विभागाचा नाका आहे, नोंद होते, शुल्क असेल तर सुटे पैसे ठेवा. तिथे दुर्मीळ वनस्पती आहेत. एका कंदीलपुष्पाला तर नावच अंजनेरीचं मिळालंय. कड्यांवर गिधाडं घरटी करतात. म्हणून वाट सोडून फुलं तोडायला उतरू नका, ड्रोन उडवू नका.

बहुला देवळालीच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात येतो. तिथे तोफांचा सराव चालतो. ‘रविवारी काही नसतं’ असं कोणी सांगितलं तरी लेखी परवानगीशिवाय जायचं नाही. न फुटलेला दारूगोळा रविवार बघत नाही.

20. गाडी नाही. बसने काय काय जमतं?

बरंच. त्र्यंबकला एसटी आणि सिटीलिंक (नाशिकची शहर बस) दोन्ही जातात. त्याच रस्त्यावर अंजनेरी फाट्याला उतरता येतं, पण फाट्यापासून नाक्यापर्यंतची चाल वेळेत धरा. म्हसरूळ आणि पांडवलेणीला शहर बस आहे. रामशेजसाठी पेठ रोडवर आशेवाडी फाटा. परतीची शेवटची बस उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

21. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची आहे. उपवास, अनवाणी, रात्री. जमेल?

ही फेरी म्हणजे ट्रेक नव्हे, यात्रा आहे. पण पाय तेच असतात. छोटी फेरी साधारण 20 किलोमीटरची. पाऊस, चिखल आणि प्रचंड गर्दी. प्रश्न 1 मधल्या क्रमातला सराव आधी दोन महिने करा. उपवास असेल तर राजगिरा लाडू, खजूर, केळी आणि मीठ घातलेलं ताक घ्या; निर्जळी नको. मधुमेह असेल तर अनवाणी अजिबात नको, कारण प्रश्न 6 मध्ये आहे. श्रद्धेचा भाग आपापला, पण सवय नसताना एकदम वीस किलोमीटर अनवाणी चालण्याने महिनाभर तळवे धरून बसावं लागतं. ज्यांना डोंगरच बघायचा आहे त्यांनी हा दिवस टाळून हिवाळ्यात ब्रह्मगिरीवरची गंगाद्वार, मूळगंगा, दुर्गभांडार ही ठिकाणं सावकाश करावीत.

22. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. डोंगराने त्या बंद करता येतील का?

नाही. स्वत:हून एकही गोळी बंद किंवा कमी करायची नाही. चालण्याने झोप, भूक, मूड सुधारायला मदत होते आणि डॉक्टरही चालायला सांगतात, पण ते उपचारासोबत. काही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून विचारा. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर खूप घाम येऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी ऊन जास्त बाधतं. झोपेच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहत असेल तर पहाटे गाडी चालवून त्र्यंबकला निघू नका.

काही दिवस अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं असतं. अशा दिवशी सोसायटीच्या गेटपर्यंत गेलात तरी चालेल. सोबत्यांनी ‘चल रे, एकदा वर गेलास की बरं वाटेल’ असा तगादा लावू नये. आणि जगणं नको वाटत असेल, तसे विचार येत असतील, तर त्या दिवशी कड्यावर एकटं जायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 वर दिवसरात्र कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं.

23. दर रविवारी तोच रामशेज. कंटाळा येत नाही का?

पहिले काही महिने येतो. मग डोंगर ओळखीचा होतो आणि बदल दिसायला लागतात. मधल्या राममंदिराजवळच्या टाक्याचं पाणी कुठल्या महिन्यात किती खाली गेलं, दरवाजाच्या कातळाला शेवाळ कधी धरलं, पायथ्याच्या शेतात भात उभा आहे की कापला. 1682 पासून काही वर्षं ज्या गडाने मोगलांना दाद दिली नाही, तो मुळात इतका छोटा आहे हेही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच जाणवतं. वाट पाठ असली की पायांकडे बघावं लागत नाही, वेळेचा हिशोब लागत नाही, चुकण्याची धास्ती नसते. प्रश्न 3 मध्ये म्हटलेली लक्षाची विश्रांती अशा पाठ वाटेवर जास्त सहज मिळते, हा आमचा अनुभव.

नव्या गडाची हौस वेगळी ठेवा. वर्षातून दोनदा धोडप, साल्हेर किंवा कळसूबाई करा. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला आणि 2025 पासून जागतिक वारसा यादीतला. पण नाशिकहून मुक्कामानेच बरा. अलंग-मदन-कुलंग हे या पानाच्या बाहेरचं आहे. तिथे दोर आणि जाणता माणूस लागतो.

24. सिंहस्थाच्या काळात काय?

2026-28 च्या सिंहस्थात त्र्यंबक रस्त्यावर वाहतुकीचे बदल होत राहणार. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर तिन्ही त्याच बाजूला आहेत. पर्वकाळाच्या आगेमागे तिकडे जाऊच नका. रामशेज आणि चामरलेणी उत्तरेला आहेत, चांदवड-सातमाळा ईशान्येकडे. तरी शहरातून बाहेर पडायला वेळ लागेल, म्हणून आदल्या संध्याकाळी पोलिसांनी जाहीर केलेले मार्ग बघून ठेवा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी निघा.